घड्याळबुवांचा जिना

त्या पत्राचं उत्तर सात आठवडे राहिलं होतं, आणि महिनाअखेरीला आता चारच दिवस उरले होते.

‘आदरणीय चाळशी,’ असा पत्राचा मायना होता. चाळशी हे त्यांचं टोपणनाव. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झाल्यावर ते व्हिडिओ गेम खेळायला लागले आणि एका मासिकात त्या गेमवर लिहायला लागले. बोलताना अडखळणारा हा माणूस लिहिताना मात्र कुणाच्या बापाला भीत नसे. हरल्यावर क्षणात पुन्हा सुरुवात करू देणाऱ्या एका शर्यतीच्या गेमचं त्यांनी अर्धा रकाना कौतुक केलं होतं. एका नावाजलेल्या युद्धाच्या गेमबद्दल लिहिलं होतं, ‘शंभर तास खेळलो. त्यातले नव्वद इकडचे निरोप तिकडे पोचवण्यात गेले. टपालखात्यात लागलो असतो तर निदान गणवेश मिळाला असता.’

हे सगळं चोरून चाललं होतं. घरी मुलीला वाटे, बाबा कंप्युटरवर पत्ते खेळतात. म्हणून मासिकाला त्यांनी घरचा पत्ता कधी दिला नाही. लेख स्वतः नेऊन देत, अंक स्वतः घेऊन येत.

पत्र आलं होतं ‘घड्याळबुवा’ या छोट्या गेमच्या कर्त्याकडून. खाली सही होती, ‘कासव’. गेममधला म्हातारा रोज दोनशे बारा पायऱ्या चढून मनोऱ्यावरच्या घड्याळाला किल्ली देतो. चाळशींनी लिहिलं होतं, ‘लाकडी पायऱ्यांचा आवाज इतका खरा, की मी माझ्याच पायांकडे पाहिलं. पण बुवा एकदाही दम खात नाहीत. बनवणाऱ्याने म्हातारा माणूस जिना चढताना पाहिलेलाच नाही.’

त्यावर कासवाचं पत्र: ‘आम्ही पाहिला आहे. रोज पाहतो. तो खरंच थांबत नाही. पण बाकी सगळे म्हणतात, जिना कंटाळवाणा आहे, काढून टाका, बुवांना थेट वर पोचवा. आमचा त्या म्हाताऱ्यावर जीव आहे, म्हणून स्वतःच्या मतावर भरवसा नाही. तुम्ही भीड ठेवत नाही. तुम्ही सांगाल ते करू. महिनाअखेरीला नवी आवृत्ती निघेल.’

दुपारी ते लेख द्यायला गेले तेव्हा संपादकबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“अहो चाळशी, त्या कासवाला उत्तर दिलंत का?”

“जमत नाहीये.”

“लोकांच्या गेमची सालं काढता, आणि दोन ओळी जमत नाहीत? पाकिटामागे पत्ता आहे ना?”

“आहे.”

“मग घोडं कुठं अडलंय?”

“माझं मत चुकलं असेल तर?”

“बारा वर्षांत पहिल्यांदाच ऐकतेय हे,” बाई म्हणाल्या आणि खो खो हसल्या.

परतताना इमारतीच्या दाराशी मुलगी भेटली. दोन्ही हातांत पिशव्या.

“दे एक इकडे,” ते म्हणाले.

“राहू दे हो बाबा. दमाल.”

“मी? तू मागे राहू नकोस म्हणजे झालं.”

पहिला मजला ते गप्पा मारत चढले. दुसऱ्याच्या निम्म्यावर आवाज फुटेना, तेव्हा ते नुसते हसत राहिले. मग मुलगी पुढे गेली, वर किल्लीचा खुळखुळाट झाला, आणि ते दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसले. कठडा घट्ट धरून. छाती भात्यासारखी चालली होती.

“बाबा?” वरून हाक आली.

ते बुटावर वाकले. “नाडी सुटली गं.”

“कालही तिथेच सुटली होती! उद्या नव्या आणते.”

“आण.”

ती चहा ठेवून स्वतःच्या खोलीत गेली. “ऑफिसचं काम आहे, जेवायला उशीर होईल,” म्हणाली. दार लागलं.

ते टेबलाशी बसले. चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं:

‘जिना ठेवा. एकही पायरी कमी करू नका. चूक तुमची नाही, माझी होती. तुम्ही जे पाहिलंत तेच हुबेहूब उतरवलंत. बुवा थांबत नाहीत, कारण त्यांच्याकडे कुणीतरी पाहतं आहे. फक्त एवढं करा. खेळणाऱ्याने हात काढून घेतला आणि तो थोडा वेळ परतला नाही, तर बुवांना पायरीवर बसू द्या. तो परतला की बुवांनी चटकन बुटावर वाकावं, नाडी सुटल्यासारखं.’

शेवटचं वाक्य त्यांनी खोडलं. बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिले. मग तेच वाक्य खाली पुन्हा लिहिलं, आधीपेक्षा ठळक.

आणखी एक ओळ घातली: ‘इतका खरा गेम मी दुसरा खेळलो नाही. तुमच्या घरच्यांना तुमचा अभिमान वाटत असेल. ते बोलून दाखवत नसतील, तर तो त्यांचा भित्रेपणा.’

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच खाली उतरले. कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी उभं राहून, जुन्या सवयीने, पाकिटावरचा पत्ता अक्षर न् अक्षर तपासला आणि पाकीट आत सोडलं. पत्त्यात चूक निघणं शक्यच नव्हतं. बत्तीस वर्षं ते त्याच घरात राहत होते.