वेशीपर्यंतची गाडी

नवरीनं किल्ली फिरवली. इंजिन घुरघुर फिरलं, पण पेटलं नाही.

"परत मार!" बॉनेटखालून धाकू ओरडला.

संचितानं परत किल्ली फिरवली. परत तेच.

खाडीकाठच्या मोरवा गावातल्या त्या गल्लीत वऱ्हाड उन्हात ताटकळलं होतं. लग्न लागलं होतं, जेवणं उरकली होती, बायकांचं एकदा रडूनसुद्धा झालं होतं. पाठवणी तेवढी राहिली होती, आणि ती ह्या लाल गाडीपाशी अडली होती. धाकू बोटी बांधणारा माणूस. गाडीचा लोखंडी सांगाडा त्यानं वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला, इंजिन भंगारातून उचललं आणि वरचं अंग होडी करावी तसं फायबरचं स्वतः घडवलं. लेक शाळेत जायची तेव्हापासून तो गावाला ऐकवत आला होता, "माजी पोर मी बांधलेल्या गाडीतूनच सासरी जानार." व्याह्यांशी तह झाला तो असा : वेशीपर्यंत बापाची गाडी, तिथून पुढं मुलाकडची भाड्याची. ती वेशीवर फुलं लावून उभी होती, आणि तिचा ड्रायव्हर कंटाळून इथवर चालत आला होता.

"चाचा, और कितना टाइम? फूल सूख रहे हैं."

"तो पानी मार ना फूल पे!" धाकू खेकसला, आणि उरलेला राग समाधानवर काढला. समाधान जवळच्या इंद्रलोक नावाच्या वसाहतीत राहणारा, गाड्यांच्या वायरी जोडणारा, धाकूचा दोस्त. ह्या गाडीची सगळी वायरिंग त्यानंच हौसेनं केली होती. "तुजी वायर मेलीय, समाधान. गावासमोर माजी लाज काढलीस."

समाधान इंजिनवर वाकला. त्यानं एक प्लग काढला, केबलला लावला आणि इंजिनच्या लोखंडाला टेकवून किल्ली मारायला लावली. प्लगच्या टोकाशी ठिणगी दिसायला हवी होती. काहीच दिसलं नाही.

"पेट्रोल येतंय, बॅटरी दणदणीत आहे, पण ठिणगी नाही. दादा, परवा माझ्यासमोर चालू झाली होती. नंतर काय केलंत?"

"काय न्हाय."

"काहीच नाही?"

"रंगाचा येक हात मारला."

"येक हात?" धाकूची बायको शेवंती मधेच बोलली. "डबंच्या डबं संपवलं. मी दारात उभी ऱ्हायले आसते तं मनाबी रंगवला आसता!"

धाकूच्या रंगाची ख्याती मोठी. त्यानं रंगवलेल्या होडीला ओलं करायला खाडीला दोनदा यावं लागतं, असं लोक सांगतात. काही जण म्हणतात, दुसऱ्यांदाही जमत नाही.

"आतूनपण रंगवलंत?" समाधाननं बॉनेटमध्ये डोकं घातलं.

"मंग? व्याही बॉनेट उघडून बघनार. गंज दिसला तं? सगळा खोलला, रंगवला, परत जागच्या जागी लावला."

सांगाड्यावर काडेपेटीएवढी एक डबी बसवलेली होती. ठिणगी पडायची ती हिच्या हुकमावर. समाधान तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं खिशातून वायरीचा तुकडा काढून एक टोक बॅटरीला लावलं.

धाकूला कुठला धीर. त्यानं प्लग केबलसकट हिसकून उघड्या हातात धरला आणि वऱ्हाडाला दाखवला. "ह्याच्यात काय जीव हाय? बघा! पोरी, मार!"

"दादा, सोडा—" समाधान म्हणाला, पण दुसरं टोक डबीला टेकलं होतं आणि किल्ली फिरली होती.

धाकू उडाला. किती उडाला याबद्दल मोरव्यात अजून एकमत नाही, पत्र्यापर्यंत म्हणणारेही आहेत. उतरला तो शेजारच्या जाळ्यांच्या ढिगावर, टोपी एकीकडं आणि मिशा ताठ उभ्या.

"बाबा!"

"अवो!" शेवंती धावली.

धाकूनं एक डोळा उघडला. "आली," तो म्हणाला आणि खदखदून हसत सुटला. "आली गं ठिनगी! परत मार!"

"आता काही मारायचं नाही," समाधाननं प्लग काढून घेतला. "ह्या डबीचा करंट तिच्या बुडातून सांगाड्यात उतरतो, तिथून बॅटरीकडे परत जातो. तुम्ही बुडाखालीच रंग फासलात. वाटच बंद केली त्याची. ही वायर अशीच राहू देतो, रंगाला धक्का नको."

धाकू उठला. "वायर नको. जागा दाव."

त्यानं कमरेचा सुरा काढला आणि डबीखालचा आपला रंग स्वतः खरवडला. पोराचं जावळ काढावं तसा, ओठ दाबून, जपून, खालचं लोखंड चमकेपर्यंत.

"वायरीला बोललो तो..." तो पुटपुटला.

"गावासमोर बोललात."

धाकूनं मान वर केली. "समाधानची वायर एक नंबर हाय रे!" असा ओरडला, की बँडवाल्याच्या हातातला ताशा आपोआप वाजला.

समाधाननं डबी आणि प्लग परत बसवले, आणि पहिल्याच किल्लीला गाडी पेटली. शेवंतीनं चाकापुढं नारळ फोडला, मग तिला पुन्हा रडायचं आठवलं. मागं संचिता आणि नवरा मुलगा साईराज, पुढं धाकू, शेजारी हत्यारांची पिशवी घेऊन समाधान.

वेस आली. भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर आधीच परत पोचून दार उघडून उभा होता. धाकूनं वेग कमी केला, पण थांबला नाही.

"बाबा, वेस आली."

"दिसली मना."

"थांबव ना मग."

"थांबवली आन् बंद पडली तं? जुना इंजिन, पोरी." त्यानं रस्त्यावरची नजर काढली नाही. "काय रे समाधान?"

इंजिन शिवणयंत्रासारखं एका लयीत चाललं होतं. समाधाननं कान देऊन ऐकलं आणि गंभीरपणे मान हलवली.

"नाही दादा, रिस्क नको. घरापर्यंतच जाऊ द्या."

साईराजचं घर नायगावला, खाडीच्या पलीकडं. होडीनं गेलं तर हाकेवर, पण रस्ता पार घोडबंदरावरून वळसा घालून जातो. त्या वळशाला धाकू जन्मभर शिव्या देत आला होता. आज त्यानं तिकडं गाडी वळवली, तीसुद्धा अगदी सावकाश.