बाल्दोमेरोची गोळी

स्पेनमधल्या ताबेर्नासच्या माळावर सूडाच्या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. मारायला आणि मरायला गावातलीच माणसं घेतली होती. बाल्दोमेरोनं पिस्तूल झाडलं, पण समोरचा हिनेस काही पडेना.

"अरे पड ना! गोळी लागली तुला!" दिग्दर्शक ओरडला.

"साहेब, याच्या बापानं आमची विहीर लाटली. याच्या हातनं मी मरायचा नाही. अख्खं गाव बघतंय."

"खोटं खोटं मरायचंय, बाबा!"

"खोटंसुद्धा नाही. दुसऱ्या कुणालाही मारायला सांगा, जागच्या जागी आडवा होतो."

दिग्दर्शकानं कपाळावर हात मारला आणि पिस्तूल रोमहून आलेल्या हिरोकडे दिलं. हिनेस असा झकास मेला की गावानं टाळ्या वाजवल्या.

"बघितलंस? मरावं तर असं, इभ्रतीनं," कपडे झटकत तो बाल्दोमेरोला म्हणाला.

वर्षभरानं सिनेमा गावात लागला. पडद्यावर बाल्दोमेरोनं पिस्तूल झाडलं आणि लगेच हिनेस झकास मेला. मधला हिरोचा तुकडा कात्रीनं कापून टाकला होता.

हिनेसच्या मागच्या रांगेत बाल्दोमेरो सूर्यफुलाच्या बिया फोडत बसला होता. तो पुढे वाकून म्हणाला, "खरंच रे हिनेस, मेलास मात्र इभ्रतीनं."