वेणूच्या तोंडचं नाव

मृणालताईंनी चटईवर कंगवा, चमचा आणि चावी मांडली. वेणूबाईनं तिन्हींची नावं बरोबर सांगितली आणि चावी उचलून सरळ कमरेला खोचली. मृणालताई हसल्या. दाराशी बसलेल्या रामचंद्राला, म्हणजे वेणूबाईच्या नवऱ्याला, मात्र हसू येईना. त्याचा सगळा जीव पुढच्या प्रश्नात अडकला होता.

मृणालताई मुंबईच्या एका प्रयोगशाळेत मेंदूवरच्या औषधांचं संशोधन करायच्या. स्मृतिभ्रंशावर त्यांनी एक नवी गोळी काढली होती आणि तिची चाचणी ज्या रुग्णांवर चालली होती, त्यांत रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली वेणूबाई होती. पहिल्याच भेटीत त्यांनी रामचंद्राला सगळं त्याला उमजेल असं सांगितलं होतं. मेंदूत निरोपाच्या होड्या सारख्या ये-जा करतात. पेशीच्या काठावर त्या बांधायला खुंट असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. या आजारात खुंट झडत जातात. होडी येते, बांधायला जागा मिळत नाही आणि तशीच वाहून जाते. गोळी उरलेल्या खुंटांना बळ देते.

"आनि गेलेलं खुंट?" रामचंद्रानं विचारलं होतं. "ते परत उबं ऱ्हातात काय?"

"नाही काका. उरलेत तेवढ्यांवरच सगळी भिस्त."

उरलेल्यांत आपला खुंट आहे की नाही, एवढंच रामचंद्राला जाणून घ्यायचं होतं.

आणि तेच कळत नव्हतं. त्याच्याकडे बोट दाखवून "हे कोण?" विचारलं की वेणूबाई पदर तोंडाला लावून गप्प बसायची. आता, नवऱ्याचं नाव तिनं उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. लग्नात बायकांनी उखाण्यासाठी घेरलं तेव्हा घेतलं म्हणे, पण नेमका त्याच वेळी वाजंत्र्यांना ऊत आला आणि नवरदेवाच्या कानांवर ताशाशिवाय काही पडलं नाही. पुढचा सगळा संसार 'अवो' आणि 'आयकलं का' यांवर निभावला. तरुणपणी त्याला याची मोठी चुटपुट लागून राहायची. एकदा तरी हिच्या तोंडून आपलं नाव ऐकावं, असं फार वाटायचं. आता तर हे गप्प बसणं लाजेचं की विसरल्याचं, हेच समजेना. एवढ्या शिकलेल्या मृणालताईंनाही समजेना.

"नाव आलं ना काका, तर शंकाच राहणार नाही," त्या मागच्या खेपेला म्हणाल्या होत्या. "नाहीतर गोळी बंद करावी लागेल. गुण येत नसताना चालू ठेवता येत नाही."

म्हणून त्यानं बायकोची मनधरणी करून पाहिली. जिलेबी आणली, एकदा मोगऱ्याचा गजराही आणला. वेणूबाईनं जिलेबी खाल्ली, गजरा देवाला वाहिला आणि नावाचं काही बोलली नाही.

पण गुण येत होता, हे रामचंद्र छातीवर हात ठेवून सांगू शकला असता. आधी ती त्याला पाहून भिंतीकडे तोंड करायची, त्यानं वाढलेलं ताट लोटून द्यायची. हल्ली तो घरात आला की डोक्यावरून पदर घ्यायची. बसायला पाट द्यायची, तांब्याभर पाणी पुढे ठेवायची. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी अशीच वागायची ती. गल्लीतून शेजारच्या सदानं "रामचंद्रा, हाईस का घरात?" अशी हाक मारली, की मान वर करून त्याच्याकडे पाहायची. त्याला वाटायचं, नाव अगदी तिच्या ओठांवर आलंय.

संध्याकाळी ती ओट्यावर बसून समुद्रावरून परतणाऱ्या होड्या न्याहाळायची. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून रामचंद्रानं होडी सोडली होती. तो शेजारी जाऊन टेकला की ती जराशी सरकून जागा करून द्यायची.

"कोनाची वाट बगतंस?" तो विचारायचा.

"येतील आता," ती म्हणायची.

तिला आपले जुने दिवस आठवताहेत, या विचारानं त्याचा ऊर भरून यायचा. हात धरावासा वाटायचा. पण तिचं ते पाहणं मोडू नये म्हणून तो नुसता बसून राहायचा.

"काकू," मृणालताईंनी रामचंद्राकडे बोट केलं, "हे कोण?"

वेणूबाईनं त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. आज पदर तोंडाशी गेला नाही.

"रामचंद्र," ती म्हणाली.

आज ताशे नव्हते. नाव लख्ख ऐकू आलं. रामचंद्राच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि त्यानं ते पुसलंही नाही.

"परत बोल गो," तो कसाबसा म्हणाला.

"रामचंद्रच ना तुजं नाव? सदा तशीच हाक मारतो."

मृणालताईंचाही आवाज ओला झाला होता. "काका, गोळी चालू ठेवायची. मी आजच कळवते." आणि मग त्याच आनंदात त्यांनी उरलेला सोपा प्रश्न उरकून घेतला. "काकू, आता तुमचं पूर्ण नाव सांगा बघू. मधे मालकांचं नाव घालून."

"वेणूबाई..." एवढं म्हणून ती अडखळली. गालातल्या गालात हसली, रामचंद्राकडे पाठ करून बसली आणि पदर तोंडाला लावला.

"मालकांचं नाव मी न्हाय घेत, बाय. दर्यावरनं आलं की त्यांनाच इचारा."