चमच्याचे ठोके

तिसऱ्या दिवशीही निजामाच्या पोलिसांतला अमीन दाराजवळच्या बाकावर येऊन बसला, आणि शिवगंगाच्या हातातला चमचा हवेतच थांबला. मग तिनं तो समोरच्या पितळी तपेलीवर एकदा वाजवला. आत चुलीपाशी ठोका पोचला. एक कॉफी.

सत्तेचाळीसचा मार्गशीर्ष होता. बार्शी आता हिंदुस्थानात होती आणि येडशी निजामाच्या राज्यात. तरी गाड्या चालू होत्या, आणि गाडी थांबली की माणसं स्टेशनसमोरच्या या हॉटेलात घुसत. रामलिंगाला निघालेले, बाजाराला निघालेले, बाडबिस्तरा घेऊन हद्दीपलीकडं निघालेले. शिवगंगा अणदूरकडची. पाच महिन्यांपूर्वी इथं येऊन तिनं हॉटेल चालवायला घेतलं होतं. तिची कानडी वळणाची दाट कॉफी प्यायला लोक गाडी सोडायला तयार असत.

अमीन यायला लागल्यापासून मात्र कुणी रेंगाळत नव्हतं. अंगावर साधे कपडे होते, पण बूट पोलिसाचे होते. गिऱ्हाइकं तोंड भाजून घेत कॉफी संपवत आणि उठत.

पहिल्या दिवशी त्यानं मालकाचं नाव विचारलं होतं. शिवगंगानं पदर पुढं ओढला आणि कपबशा धुणाऱ्या शांताक्काकडं पाहिलं. शांताक्कानं तिच्यावतीनं सांगितलं, महांतप्पा.

"बाईला बोलता येत नाही का?" अमीन म्हणाला.

वाढप्या उत्तरेश्वरला गप्प बसणं जमत नसे. "बायका कुठं नाव घेत्यात, साहेब. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतंय म्हणं. आमची तर रोज घेती, मलाच."

कुणी हसलं नाही. अमीनही नाही.

मालक सोलापूरला गिरणीत आहेत, एवढं शिवगंगानं स्वतः सांगितलं. अमीननं मान डोलावली. अणदूरजवळच्या एका जकात नाक्याचं दप्तर जाळलं गेलं होतं आणि त्या प्रकरणात महांतप्पाचं नाव होतं. नाव होतं, चेहरा कुणालाच ठाऊक नव्हता. त्याच प्रकरणात धरलेले दोघं कोठडीतून परत आले नव्हते. एकाचं धोतर तेवढं घरी आलं होतं. हे शिवगंगाला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे अमीनला माहीत होतं.

बायको सापडली म्हणजे नवरा तिला भेटायला येणारच, असं धरून तो बसला होता. गाडीतून कोण उतरतं ते तो बघत होता. शिवगंगा त्याच्याकडं बघत होती.

आज दुपारची गाडी उशिरा आली. पन्नासेक माणसं एकदम आत आली. शिवगंगानं आवाज चढवला. शांताक्का, कप आण. उत्तरेश्वर, मागच्या बाकावर भजी दे. मधेच चमचा वाजत होता. तीन ठोके, दोन ठोके, पुन्हा तीन.

"स्टेशनमास्तरची घंटा एक, आन् आमच्या बाईचा चमचा एक," उत्तरेश्वर कुणाला तरी सांगत होता.

चमचा कशाला, असं अमीननं शांताक्काला विचारलं. आचारी गुंडप्पाला कमी ऐकू येतं, ती म्हणाली, तोंडानं सांगून भागत नाही.

अमीननं गर्दीतला एकेक चेहरा पाहून घेतला. धोतरवाल्या दोघांना जवळ बोलावून गाव विचारलं. एकाच्या गळ्यातलं लिंग पाहून त्याला बराच वेळ उभं केलं. तो माणूस परंड्याचा निघाला. त्याच्या बशीतली कॉफी पायावर सांडत होती. शिवगंगाचा चेहरा पांढरा पडला होता. चमचा चुकला, दोनाच्या जागी चार ठोके पडले.

उत्तरेश्वर रिकामे कप घेऊन आतल्या दाराशी गेला. "गुंडप्पा, दूध," तो हळूच म्हणाला. आचाऱ्यानं पाठ न वळवता झटकन पातेलं उतरवलं.

शिट्टी झाली. गाडी हलली. हॉटेल रिकामं झालं. गाडीतून उतरलेल्यांत महांतप्पा नव्हता.

अमीन उठला, टोपी डोक्यावर ठेवली. दाराशी जाऊन तो थांबला.

"बाई, कॉफी चांगली असते तुमची. जाताना आणखी एक घेतो." चमचा उचलायला तिचा हात पुढं झाला, तसा त्यानं तो तपेलीवरून उचलून स्वतःकडं घेतला. "याच्याशिवाय."

तिनं पुढं केलेला हात पदराला पुसला.

"शांताक्काला नावानं हाक मारता. उत्तरेश्वरला मारता. आचाऱ्याला तीन दिवसांत एकदाही नाही." त्याचा आवाज चढला नव्हता. "त्याला चांगलं ऐकू येतं. एकदा गुंडप्पा म्हणून हाक मारा. कॉफी पितो आणि जातो. परत येत नाही."

उत्तरेश्वरला यात काही अवघड वाटलं नाही. "मारा की, बाई," तो म्हणाला.

शिवगंगाचे ओठ हलले. तिनं एकदा आतल्या दाराकडं पाहिलं आणि पुन्हा ओठ उघडले. आवाज आला नाही. हात आपोआप डोक्यावर गेला आणि पदर कपाळापर्यंत खाली आला.

आत पातेलं खाली ठेवल्याचा आवाज झाला. आचारी हात पुसत बाहेर आला आणि तिच्या पुढं उभा राहिला.

"राहू द्या, साहेब," तो म्हणाला. "माझं खोटं नावसुदीक तिच्या तोंडातून निघायचं न्हाय."