तुम्ही पाहिलेली वस्तू

बाबांनी तोंडाला माझी जुनी ओढणी बांधली, "दिसतो का नाही नवरीवानी?" म्हणत आईला हसवलं आणि ते मालकांच्या कपाशीवर फवारणीला गेले. संध्याकाळपर्यंत विष चढलं. दवाखान्यातून ते परतले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मालक भेटायला आले. "फवारणीचा मास्क भेटते हे ठाऊक असतं, तर देवरावले आणला नसता का, पोरी?" म्हणत त्यांनी बाबांची बातमी दाखवायला मोबाइल माझ्या हाती दिला.

आपण काय पाहिलं ते वेबसाइट फोनमधल्या 'कुकी' नावाच्या नोंदीत टिपून ठेवते आणि त्याच फोनवर पुन्हा दाखवते. बातमीखाली जाहिरात होती : 'गेल्या महिन्यात तुम्ही पाहिलेला फवारणी मास्क अजून उपलब्ध.'

मालकांसमोर आमच्या घरातलं कुणी आजवर वर तोंड करून बोललं नव्हतं.


"मालक, तुमाले ठाऊक होतं."