बासष्टावं पान

कातड्यावर लिहिलेल्या त्या पोथीला उघड्या हातानं शिवायचं नाही, हा नियम त्यानंच केलेला. पोथीची भाषा आता बोलणारं कुणी उरलं नव्हतं. ती त्याला येत होती. जुन्या बोटांचा मळ कुठल्या पानावर जास्त साचलाय, ते त्याची सहकारी प्रयोगशाळेत शोधायची. तिथं काय लिहिलंय, ते तो वाचायचा.

"बासष्टावं पान बाद झालं," ती अहवाल आपटत म्हणाली. "कुणीतरी ताजा हात लावलाय. आणि कानावर हात ठेवू नकोस, आपल्या सगळ्यांचे डीएनएचे नमुने नोंदीला आहेत. तूच आहेस तो."

त्यानं अहवाल न उघडताच बाजूला सारला.

"वीस वर्षं यात घालवलीस, आणि आता अक्कल गहाण टाकलीस? असं आहे तरी काय त्या पानावर?"

"अंथरुणाला खिळलेलं लेकरू उठून बसावं, म्हणून आईबापानं या ओळीवर हात ठेवायचा."

"दोघांनी?"

"दोघांनी."

तिनं घड्याळ पाहिलं. आयसीयूतल्या त्यांच्या लेकीला भेटायची वेळ व्हायला अजून अर्धा तास होता. तिनं दाराला आतून कडी घातली आणि हातमोजे काढले.