चण्यांचा भाव

बाजार आपला आपण चालतो, सरकारनं मधे पडू नये, असं इंग्रजांच्या कॉलेजात ठासून शिकवणारे बिंदुमाधवपंत पंचगंगा घाटावर नाहून वर येत होते, तोच माकडानं त्यांचा चष्मा पळवला. चणे मिळाल्याशिवाय काशीतलं माकड काही परत देत नाही. पंत चणेवाल्याकडे धावले.

“मुठीला एक रुपया, पंडितजी.”

“अरे, काल एका पैशात मूठ देत होतास.”

“काल चष्मा तुमच्या नाकावर होता.”

पंतांनी चिडून घाटावरच्या पोलीस शिपायाला हाक मारली. शिपायाला पाहताच माकड मुकाट खाली उतरलं आणि चष्मा त्याच्या हाती देऊन, चणेवाल्याच्या टोपलीतला आपला वाटा घेऊन निघून गेलं.

“आता दोन रुपये,” शिपाई पंतांना म्हणाला, “सरकार मधे पडलं ना.”